डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं

नव्या पिल्लाला पहिल्यांदा दवाखान्यातून आणलं की हातात एक चिठ्ठी असते. वर जंताच्या औषधाचं नाव, त्याखाली लशींच्या तारखा आणि तळाशी एखाद्या कंपनीच्या खाण्याचं नाव. तिन्ही ओळी एकाच पेनाने, एकाच घाईत लिहिलेल्या. पार्व्होच्या लशीमागे काही दशकांचा पक्का पुरावा उभा आहे. खाण्याच्या नावामागे काय उभं आहे, ते चिठ्ठीवरून कळत नाही. काही घरांत ती ओळ औषधासारखी पाळली जाते. काही घरांत 'डॉक्टरचं त्यात कमिशन असणार' असं म्हणून चिठ्ठी ड्रॉवरमध्ये जाते आणि कुत्र्याने काय खायचं ते व्हॉट्सअॅपवर ठरतं.

खाण्याबद्दलचा सल्ला ही एक वस्तू नव्हे. काय अजिबात घालू नये, किती घालावं, अमुक आजारात काय बदलावं आणि कोणत्या कंपनीचं आणावं, असे निदान चार वेगळे प्रश्न त्यात गुंतलेले असतात. माझ्या मते पहिल्या तिन्हींत पशुवैद्याचा शब्द घरातल्या, शेजारच्या आणि मोबाइलमधल्या कोणाहीपेक्षा वजनदार असतो. चौथ्यात तो बराच हलका होतो. गंमत अशी की मालक बहुधा चौथाच प्रश्न विचारतात.

हे असं का, ते समजायला जरा मागे जावं लागेल. पशुवैद्य आणि डबाबंद खाणं यांची गाठ बाजारात पडली नाही, दवाखान्यात पडली. १९३९च्या सुमारास अमेरिकेत मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या 'द सीइंग आय' या संस्थेच्या प्रचारासाठी देशभर हिंडत. त्यांची वाटाडी कुत्री बडी हिच्या किडन्या खराब होत चालल्या होत्या. न्यू जर्सीतल्या डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने तिच्यासाठी प्रथिनं आणि मीठ बेताचं असलेलं खाणं बेतलं. डॉक्टर आणि त्यांची बायको ते घरीच शिजवून बरण्यांत भरत आणि फ्रँक जिथे असतील तिथे पाठवत. प्रवासात बरण्या फुटू लागल्या तेव्हा पत्र्याचे डबे आले. मागणी वाढली आणि १९४८ साली कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. आज किडनीच्या रुग्णाला जे खास खाणं लिहून देतात, त्याची सुरुवात ही. पुढे हिल्स म्हणून ओळखली गेलेली ही कंपनी १९७६ साली टूथपेस्टवाल्या कोलगेट-पामोलिव्हकडे गेली.

फ्रान्समध्येही तसंच झालं. १९६८च्या सुमारास झाँ कातारी या पशुवैद्याने कातडीचे विकार असलेल्या कुत्र्यांसाठी धान्याचं पिवळसर खाणं शिजवलं, आणि त्यातून रॉयल कॅनिन उभी राहिली. आता ती मार्स या चॉकलेटवाल्या कंपनीची आहे. पेडिग्री आणि व्हिस्कसही मार्सचंच. पण मार्स नुसतं खाणं विकत नाही. अमेरिकेतली बॅनफिल्ड ही दवाखान्यांची साखळी तिच्याकडे आहे आणि २०१७ साली तिने व्हीसीए ही दुसरी मोठी साखळी सुमारे ९१० कोटी डॉलरना घेतली. म्हणजे तिकडच्या हजारो पशुवैद्यांना पगार देणारी आणि खाणं बनवणारी कंपनी एकच आहे. हे कारस्थान नाही, जाहीर व्यवहार आहे. पण चिठ्ठी वाचताना तो माहीत असलेला बरा.

आपल्याकडे अजून बहुतेक दवाखाने एकेकट्या डॉक्टरचे आहेत. इथे संबंध वेगळ्या वाटेने येतो. कंपनीचे प्रतिनिधी येतात, परिषदांना प्रायोजक लागतात, आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पिशव्यांची थप्पी असते. तपासणीची फी दोनशे रुपयांनी वाढवली तर माणसं कुरकुरतात, पिशवीवरच्या नफ्याबद्दल कोणी बोलत नाही. डॉक्टरने जागेचं भाडं आणि मदतनिसाचा पगार त्यातून भागवला, तर त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण सल्ल्याचे पैसे द्यायला तयार नसतो, वस्तूचे देतो.

शिक्षणाचाही भाग आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं तेव्हा डॉक्टर हवे होते ते घोड्यांना आणि गुरांना. आजही साडेपाच वर्षांच्या पदवीत पशुपोषण हा विषय भरपूर शिकवतात, पण त्याचा भर चारा, पेंड, मुरघास, दुभत्या म्हशीचं रेशन आणि कोंबडीखाद्य यांवर. शेतीप्रधान राज्यात ते रास्तच आहे. कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला त्यातली थोडी पानं येतात. पदवीनंतर याबाबत जे काही नवं कानावर येतं, त्यातलं बरंचसं कंपन्यांच्या व्याख्यानांतून येतं. शहरातला डॉक्टर यापलीकडे किती वाचतो, हे त्याच्या आवडीवर आणि सवडीवर अवलंबून.

एवढं ऐकल्यावर वाचकाला वाटेल की मग जाऊ द्या हा सल्ला. थांबा. पैसा कुठून आला यावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये. याचं माझं आवडतं उदाहरण लॅब्रॅडॉरचं आहे. प्युरिना या खाद्यकंपनीने ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं आणि मरेपर्यंत सगळ्यांवर लक्ष ठेवलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं. खाणं विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष काय, तर कमी घाला! हाताने बरगड्या चाचपून लठ्ठपणा ओळखायची नऊ अंकांची मोजपट्टीसुद्धा प्युरिनाच्याच संशोधनातून आली. तीच आज जगभर वापरतात.

किती घालावं, हा प्रश्न म्हणूनच सगळ्यांत मोलाचा. त्याचं उत्तर कंपनीवर अवलंबून नसतं आणि ते द्यायला डॉक्टरला कुत्र्याच्या अंगावर हात ठेवावा लागतो. हात न लावता, वजन न करता फक्त पिशवीचं नाव सांगणाऱ्या डॉक्टरने निम्मंही काम केलेलं नसतं.

आता काय घालू नये याकडे येऊ. कांदा, लसूण, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी ठरतात, याबद्दल डॉक्टरांत मतभेद नाहीत. मराठी घरात यातली खरी अडचण कांदा-लसणाची. रश्शात भिजवलेली पोळी, कालवणाचा उरलेला भात, मसाल्यातलं मटण यांत ते असतंच, आणि रोज थोडं थोडं गेलं तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. 'आमच्या गावाकडच्या कुत्र्याने आयुष्यभर हेच खाल्लं' असं उत्तर ऐकू येतं. गावाकडची कुत्री किती वर्षं जगतात आणि कशाने मरतात, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

मांजराचं तर वेगळंच शास्त्र आहे आणि इथे डॉक्टरचं निमूट ऐकावं. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य ते स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवू शकत नाही. गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करणंही त्याला जमत नाही. हे त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतं. शाकाहारी घरात प्रेमाने वाढवलेलं मांजर दूधभातावर गुबगुबीत दिसतं, आणि आतून डोळ्यांचा पडदा आणि हृदय झिजत असतं. कोळीवाड्यातल्या बोक्याचं बरं चाललेलं असतं, पण तिथेही एक मेख आहे. काही जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. मासळी उकडली की ते निकामी होतं.

टॉरिनची हकिगत या सगळ्या वादाची किल्ली आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत मांजरं हृदय फुगून मरत होती. ती उरलंसुरलं खाणारी नव्हती. नावाजलेल्या कंपन्यांचं, 'संपूर्ण आणि संतुलित' असं छापलेलं खाणं ती खात होती. त्यात टॉरिन त्या वेळच्या नियमाइतकं होतं. पण डबाबंद करण्याच्या प्रक्रियेनंतर ते शरीराला पुरेसं लागत नव्हतं. हे शोधून काढलं डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पायन या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९८७ साली 'सायन्स' नियतकालिकात ते छापून आलं. टॉरिन दिल्यावर हृदयं सुधारली, ही त्यातली थक्क करणारी बाब. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार मांजरांत जवळपास नाहीसा झाला. म्हणजे कंपनी चुकली, नियम चुकला आणि चूक पकडली पशुवैद्याने. वेष्टणावरच्या शब्दांवर डोळे झाकून विसंबणाऱ्याला आणि पशुवैद्यांना कंपन्यांचे दलाल ठरवणाऱ्याला, दोघांनाही ही गोष्ट अडचणीची आहे.

अलीकडचं धान्यमुक्त खाण्याचं प्रकरण इतकं सरळ सुटलं नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला गहू-तांदूळ कशाला, या कल्पनेवर हे खाणं खपलं. आपल्याकडच्या दुकानांतही ते महाग भावाने मिळतं. कल्पनाच कच्ची होती. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा तो पुरावा. भाकरी कुत्र्याला पचते, ती एकटी पुरत नाही एवढंच. मग जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की अशा खाण्यावरच्या कुत्र्यांत हृदय फुगण्याच्या तक्रारी येत आहेत. एप्रिल २०१९अखेरपर्यंत कुत्र्या-मांजरांच्या मिळून अशा ५२४ नोंदी झाल्या होत्या, आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त खाणं धान्यमुक्त होतं. बहुतेकांत वाटाणा किंवा मसूर भरपूर. पशुवैद्यांनी लगेच 'बंद करा' सांगायला सुरुवात केली. छोट्या कंपन्यांनी उलटा आरोप केला की मोठ्या कंपन्यांशी लागेबांधे असलेले डॉक्टर ही भीती पसरवत आहेत. डिसेंबर २०२२मध्ये प्रशासनाने जाहीर केलं की नवं काही ठोस हाती येईपर्यंत आणखी माहिती देणार नाही. कार्यकारण सिद्ध झालं नाही, शंकाही फिटली नाही.

यात डॉक्टरचं ऐकावं का? मी ऐकेन. धान्य काढून टाकल्याने निरोगी कुत्र्याचा फायदा होतो असा पुरावा नाही. मग थोड्या धोक्याच्या शंकेपोटी ते सोडायला काय जातं? पण 'धान्यमुक्त खाण्याने हृदयरोग होतो' असं ठामपणे सांगणारा डॉक्टर हातात असलेल्या पुराव्यापेक्षा जास्त बोलतो आहे, हेही लक्षात ठेवावं.

घरच्या खाण्याबद्दल डॉक्टर सहसा नाक मुरडतात आणि मालकांना त्याचा राग येतो. आपण शिजवलेलं ताजं अन्न वाईट आणि महिनोन्‌महिने पिशवीत राहिलेल्या गोळ्या चांगल्या? डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. प्रौढ कुत्र्यासाठीच्या अमेरिकी मानकाला फक्त ९ उतरल्या. त्या नऊंपैकी जवळजवळ सगळ्या पशुवैद्यांच्या होत्या, हे खरं. पण नापास झालेल्यांतही अनेक पशुवैद्यांच्याच होत्या, हेही खरं.

आपल्याकडच्या चिकन-भाताचं उदाहरण घ्या. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या दहा ते वीस पट फॉस्फरस असतं. शरीराला ते दोन्ही साधारण बरोबरीने किंवा कॅल्शियम थोडं जास्त असं हवं असतं. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने नुसतं चिकन-भात मिळालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं, पाय वाकतात, पलंगावरून उडी मारताना हाड मोडतं. डॉक्टर घाबरतात ते याला, आणि बरोबर घाबरतात.

यातच डॉक्टरांची एक जुनी सवयही दिसते. जर्मन शेफर्डचं किंवा ग्रेट डेनचं पिल्लू आलं की पिल्लांचं तयार खाणं आणि वर कॅल्शियमचं सिरप, दोन्ही लिहून द्यायचं. तयार खाण्यात कॅल्शियम आधीच बेतलेलं असतं. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, सगळं आत जातं आणि मोठ्या जातींत हाडांची वाढ त्याने बिघडते. हे ग्रेट डेनवरच्या प्रयोगांतून केव्हाच दिसलं आहे. हाडं बळकट व्हावीत म्हणून दिलेलं सिरप हाडं वाकडी करू शकतं. चिठ्ठीवर दोन्ही दिसलं तर 'डॉक्टर, दोन्ही लागतील का?' एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर एक ओळ खोडतो.

कच्च्या मांसाचा आग्रह धरणाऱ्यांना मी एकच बातमी आठवून देईन. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. कोंबडीच्या मांसातून विषाणू आला असावा असा संशय होता. त्याच हिवाळ्यात अमेरिकेत कच्च्या गोठवलेल्या खाण्यातून हाच विषाणू मांजरांपर्यंत पोचला. डॉक्टर 'शिजवून घाला' म्हणतो तेव्हा त्यामागे कुठल्याही कंपनीचा फायदा नसतो. गॅस तुमचाच जळतो.

आजारातल्या खास खाण्याच्या पिशवीची किंमत पाहून दम लागतो, तेव्हा शंका सगळ्यांत जास्त येते. अमेरिकेत २०१६ साली ग्राहकांनी यावरून कंपन्यांना कोर्टात खेचलं. या खाण्यात औषध नाही, मग डॉक्टरची चिठ्ठी लागते असं भासवून जास्त पैसे का घेता, हा त्यांचा मुद्दा. खालच्या न्यायालयाने फेटाळलेला तो दावा २०२० साली अपील न्यायालयाने पुन्हा उभा केला. तरीही या खाण्याला सरसकट धंदा म्हणणं चूक ठरेल. किडनी निकामी होत चाललेल्या ३८ कुत्र्यांवरचा दोन वर्षांचा अभ्यास २००२ साली छापून आला. किडनीच्या खाण्यावरची कुत्री साध्या खाण्यावरच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगली. मांजराच्या मूत्राशयातले स्ट्रुव्हाइटचे खडे खास खाण्याने काही आठवड्यांत विरघळतात, शस्त्रक्रिया टळते. ऑक्झलेटचे खडे मात्र कशानेच विरघळत नाहीत. म्हणून इथे विचारायचं ते असं: हे कोणत्या तपासणीवरून सांगताय, आणि पुन्हा कधी तपासायचं? रक्ताचा किंवा लघवीचा अहवाल दाखवून दिलेली पिशवी आणि खाजवतंय म्हणताक्षणी दिलेली 'अॅलर्जी'ची पिशवी, यांत फार अंतर आहे. आपल्या हवेत खाजेची पहिली कारणं पिसवा, गोचीड, खरूज आणि बुरशी. खाण्याची अॅलर्जी ठरवायची खात्रीची रीत एकच. ठरावीक खाण्यावर आठेक आठवडे काढायचे, बिस्किटाचा तुकडाही द्यायचा नाही, आणि मग जुनं खाणं देऊन खाज परत येते का ते पाहायचं. हे न सांगता दिलेली पिशवी वाया जाते.

राहता राहिलं कंपनीचं नाव. मोठं नाव म्हणजे हमी नव्हे. २००७ साली मेलामाइन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमुळे अमेरिकेत शंभराहून जास्त नावांचं खाणं परत मागवावं लागलं, तेव्हा लोकांना कळलं की त्यातली बरीच नावं एकाच कारखान्यातून बाहेर पडत होती. २०१९ साली हिल्सला ड जीवनसत्त्व जादा पडल्याने कुत्र्यांचे डबे परत घ्यावे लागले, त्यात दवाखान्यांतून विकले जाणारेही होते. भारतात अन्नसुरक्षेचा कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे. पाळीव प्राण्यांच्या खाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, पण पिशवीवर बहुधा अमेरिकी मानकाचाच उल्लेख दिसतो. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना सांगते की कंपनीला विचारा, खाणं कोण बेततं, त्याचं शिक्षण काय, कारखाना स्वतःचा आहे का, प्रत्येक घाण्याची तपासणी कशी होते. प्रश्न उत्तम आहेत. फक्त त्याच संघटनेच्या प्रायोजकांत मोठ्या खाद्यकंपन्या आहेत आणि या प्रश्नांची उत्तरं देणं त्यांनाच सोपं जातं, हेही नमूद करायला हवं. याच प्रश्नांना नीट उत्तर देणारी स्वस्त देशी कंपनी सापडली, तर डॉक्टरने सांगितलेलं नाव बदलायला मला काही गैर वाटत नाही. निरोगी कुत्र्याबाबत, अर्थात.

दवाखान्यात जाताना एक करून पाहा. कुत्र्याच्या तोंडात जे जे गेलं ते आठवडाभर लिहून काढा. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, आजोबांनीही. सहा किलोच्या पामेरियनला दिवसाला सुमारे ४३० कॅलरी पुरतात. पिशवीतल्या कोरड्या खाण्याच्या भाषेत तेवढ्या जेमतेम सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतात. चहाबरोबरच्या एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसेक कॅलरी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन झाली की जवळजवळ पाव दिवसाचं खाणं चहाच्या बशीतून गेलं. डॉक्टरने हा कागद वाचला, बिस्किटांवर बोट ठेवलं आणि 'ही कोण घालतं?' म्हणून विचारलं, तर त्याच डॉक्टरकडे पुढच्या वेळी पिशवीबद्दलही विचारा.